डाव्या पुडीवरची कणीक

बसा.

भोकरदनच्या जवळपासचं एखादं गाव. देवळापुढचा मंडप. सतरंजीच्या कडेला जागा आहे, तिथे बसा.

सप्ताह चालू आहे. हरिपाठ आटोपला आहे. कीर्तनाला अजून अवकाश आहे.

पाठ खांबाला टेकू द्या. पाय मोकळे करा. कुणी काही विचारणार नाही.

श्वास आत येऊ द्या. बाहेर जाऊ द्या.

समोर पखवाज आहे. गवसणीतून आत्ताच काढलेला, आडवा ठेवलेला.

त्याच्याकडे पाहा. नुसतं पाहा.

मधे लाकडाचं खोड. त्यावर ताणलेल्या चामड्याच्या वाद्या. वाद्यांखाली अडकवलेले लाकडी गट्टे. उजव्या पुडीवर काळी, गोल शाई. लोखंडाची पूड आणि खळ यांचे थर घोटून घोटून ती बसवलेली आहे. ती कायमची आहे.

आता नजर सावकाश डावीकडे न्या.

डाव्या पुडीवर काहीच नाही.

नुसतं चामडं. फिकट, रिकामं, मधोमध थोडं मळलेलं.

या रिकाम्या जागेपाशी थांबू या. आज आपल्याला दुसरीकडे कुठे जायचं नाही. हा वीतभर गोल पुरेसा आहे.

*

पखवाजवाले महाराज येतात. मांडी घालतात. वाद्य पुढ्यात ओढतात. डाव्या हाताची एक थाप त्या कोऱ्या पुडीवर पडते.

ऐका.

आवाज निघतो, पण बसत नाही. उंच आहे. पोकळ आहे. त्याच्या मागोमाग बारीक बारीक आवाज येतात, एकमेकांशी न जुळणारे, आणि रेंगाळतात.

पुन्हा एक थाप.

आता पुडीकडे पाहत ऐका. हात केव्हाच उचलला गेला, तरी चामडं हलतंच आहे. मधोमध हलतं आहे. कडेला हलतं आहे. अर्धं वर जातं तेव्हा अर्धं खाली जातं. डोळ्याला हे दिसत नाही. कानाला कळतं.

हे हलणं आहे म्हणून पखवाज बोलतो. ते सगळंच थांबवलं तर उरेल लाकूड आणि कातडं.

थरथर हवी आहे. सगळी नको आहे.

हे वाक्य घेऊन थोडा वेळ बसा.

थरथर हवी आहे.

सगळी नको आहे.

*

स्वयंपाकाच्या बाजूने परात येते. परातीत पीठ आहे. बाजूला तांब्यात पाणी.

पीठ गव्हाचं आहे. या मुलखाची रोजची भाकरी ज्वारीची, बाजरीची. पखवाजाला मात्र गहूच लागतो. ज्वारीचं पीठ ताणलं की त्याला चिरा पडतात, ते तुटतं. गव्हाचं पीठ ताणलं की ताणतं, आणि सोडलं की थोडं मागे येतं.

थोडंच. सगळं येत नाही.

“माऊली, फार सैल नको,” महाराज म्हणतात.

पाण्याचा हबका बसतो. बोटं पिठात फिरतात. पीठ आधी बोटांना चिकटतं. मग बोटांना सोडतं. मग आपलं आपल्यात एकत्र येतं.

तुमच्याही हाताला हे माहीत आहे. डोळे मिटा. हाताला आठवू द्या.

थंड, ओलसर गोळा. त्यात हळूच रुतणारं बोट.

बोट काढा.

खळगा राहिला आहे. घाई करू नका. खळग्याकडे पाहत राहा.

तो वर येतो आहे. इतका हळू, की येताना दिसत नाही, आल्यावर दिसतो. आणि तो पुरता भरत नाही. मधे एक उथळ खूण राहतेच.

इथे थांबा.

चेंडू दाबून सोडला तर तत्काळ मूळ रूपावर येतो. पाणी दाबलं तर बाजूला होतं आणि परतत नाही. कणीक दोन्ही करते. काही मागे येते, काही वाहून जाते. आणि जे करते ते उशिरा करते.

बोट आधी. कणीक मागून.

हा उशीर पाहायचा आहे. आज एवढंच पाहायचं आहे.

*

श्वास घ्या, आणि त्या गोळ्याच्या आत उतरा.

गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात. त्यांचे रेणू लांबच लांब असतात. गुंतलेले, वळलेले, एकमेकांवर पडलेले. त्यांचं एक जाळं होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. जाळ्यात पिठाचे कण आणि पाणी अडकून बसतं.

दाब आला की हे धागे सरकतात. एकमेकांना घासत सरकतात.

दाब गेला की परतायला बघतात. पुन्हा घासतात.

दर वेळी थोडं काही मागे राहतं. त्याची ऊब होते. इतकी थोडी ऊब, की तुमच्या बोटाला ती कधी कळणार नाही.

पण ती होते.

तिथेच राहा थोडं. अंधारात, त्या धाग्यांमध्ये. सरकणं. घासणं. एवढीशी ऊब.

पुन्हा सरकणं.

*

आता डोळे उघडा.

महाराज पुडीवर ओलं बोट फिरवतात. गोळ्यातला एक तुकडा तोडतात. तो तळव्यावर थापतात, पुरीएवढा, पण जाड. आणि डाव्या पुडीच्या मधोमध ठेवतात.

मग बोटं गोल फिरू लागतात. कणकेची कड चामड्यावर दाबत, पातळ करत, मिटवत.

बोटांकडे पाहा. ती फट शोधत आहेत.

मधे हवा राहून चालत नाही. हवा राहिली तर कणीक वर नुसती बसून राहील आणि चामडं खाली आपलं आपलं हलेल. थर चिकटला पाहिजे. अगदी कडेपर्यंत चिकटला पाहिजे.

चिकटला की चामडं वाकेल तेव्हा कणकेलाही वाकावं लागतं. चामडं ताणलं की तिलाही ताणावं लागतं.

चामडं लगेच मागे फिरतं. कणीक तेव्हा अजून पुढेच चाललेली असते.

त्या फरकात थरथर मुरते.

बोटं थांबली आहेत. हात वर जातो.

ऐका.

धूं.

थांबा. पुढची थाप येऊ द्या.

धूं.

आवाज खाली उतरला आहे. रुंद झाला आहे. मघाशी मागे रेंगाळणारे ते बारीक आवाज आता शोधा. कान देऊन शोधा.

ते गेले आहेत.

डाव्या पुडीला धूम म्हणतात. आता ती धूम झाली.

*

या एका आवाजापाशी अजून बसू या. त्यात दोन गोष्टी एकत्र घडल्या आहेत, आणि कान त्या वेगळ्या करू शकतो.

पहिली वजनाची. चामड्यावर भार आला, म्हणून ते सावकाश हलू लागलं. स्वर उतरला.

दुसरी त्या उशिराची. पुडीवर एकाच वेळी अनेक हालचाली असतात, काही संथ, काही फार वेगाच्या. वेगाची हालचाल एका सेकंदात जास्त वेळा येते-जाते. तितक्या वेळा ती कणकेतून जाते. आणि प्रत्येक खेपेला काही देऊन जाते.

म्हणून ती आधी संपते.

संथ हालचाल कमी वेळा येते. कमी देते. ती जास्त टिकते. आपल्याला ऐकू येतो तो खर्ज तिचा आहे.

कणीक निवड करत नाही. तिच्यातून जो जितक्या वेळा जातो, त्याच्याकडून ती तितकं घेते.

श्वास घ्या.

सोडा.

महाराज अजून समाधानी नाहीत. उजव्या हाताने शाईवर एक बोल काढतात, डाव्याने धूमवर एक. कान तिरका करतात. दोन्ही बाजू एकमेकींना ओळखत नाहीत अजून. ते कणकेतला एक चिमटा काढून घेतात. पुन्हा थाप. स्वर किंचित चढला. जास्तच चढला. चिमट्यातलं अर्धं परत लावतात.

एका चिमटीचा फरक तुम्हाला ऐकू येतो का पाहा. नाही आला तरी बसून राहा. पुढच्या वेळी येईल.

*

या पुड्यांपाशी एक मोठा भौतिकशास्त्रज्ञही असाच कान देऊन बसला होता. चंद्रशेखर वेंकट रामन. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये आपल्याकडच्या चर्मवाद्यांवर एक टिपण लिहिलं. साध्या, सारख्या जाडीच्या पुडीतून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. आपल्या वाद्यकारांनी पुडीवर मधोमध भार ठेवून ते जुळवून घेतले आहेत, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९३४ मध्ये त्यांनी यावर आणखी विस्ताराने लिहिलं. पुडीवर बारीक वाळू टाकून ती कुठे गोळा होते, हेही पाहिलं.

ती वाळू आपणही मनात टाकू या.

कोरी डावी पुडी. तिच्यावर वाळूची विरळ चिमूट. थाप.

वाळू उडते. सरकते. जिथे चामडं हलतं तिथून दूर जाते. जिथे ते हलत नाही तिथे जाऊन बसते.

रेषा तयार होतात. एखादी आडवी. एखादी गोल.

रेषांकडे पाहा. एवढ्या थरथरत्या पुडीवरही न हलणाऱ्या जागा आहेत. त्या आधीपासून होत्या. वाळूने फक्त दाखवल्या.

पाहत राहा.

*

आता थोडं मागे जाऊ. फार मागे.

भोकरदन केळणा नदीच्या काठी आहे. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपासाठी ज्यांनी दान दिलं, त्यांच्या कोरलेल्या लेखांत भोगवर्धनचे लोक आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली इथल्या टेकाडाचं उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव मातीखालून वर आलं. मणी आले. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आली, पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची आठवण करून देणारी.

वाद्यं मात्र मातीत टिकत नाहीत. लाकूड जातं. चामडं जातं. आवाज तर त्याच क्षणी जातो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पुष्कर नावाच्या चर्मवाद्यांवर लेप कसा द्यावा, हे सांगितलं आहे. त्यासाठी माती कुठली घ्यावी, तेही सांगितलं आहे. नदीकाठची. काळसर. चिकण. जिच्यात वाळू नाही, खडे नाहीत, गवताची काडी नाही. गव्हाच्या आणि जवाच्या पिठाचाही उल्लेख तिथे आहे.

हे मला फार मोठं वाटतं. एवढ्या मागे कुणीतरी ओली माती चामड्यावर ठेवली, थाप मारली, ऐकलं. मग दुसऱ्या नदीकाठची माती ठेवली. पुन्हा ऐकलं. मातीतला एक खडा आवाजाला काय करतो, हे ज्याला ऐकू आलं, तो किती शांत बसला असेल.

तुम्हीही नदीकाठी या.

केळणेच्या काठावर बसा. पाऊस नुकताच ओसरला आहे. काळी माती ओली आहे. पायाला धरते, सोडताना ओढते. एक ढेकूळ उचला. बोटांत चुरा. खडा लागला तर काढून टाका. काडी लागली तर काढून टाका.

पुन्हा चुरा.

आता ती लोण्यासारखी झाली आहे. बोट दाबा.

खळगा पडतो. आणि तो पुरता परत येत नाही.

तोच उशीर. कणकेत होता तोच.

भोगवर्धनचा कुणी वादक याच काठावर माती निवडायला बसला असेल का? कल्पना करा, आणि कल्पनेला तिथेच सोडून द्या. उठायचं नाही अजून. हातावरची माती वाळेपर्यंत बसा.

*

कीर्तन उभं राहिलं आहे.

टाळकऱ्यांची रांग. वीणेकरी. कीर्तनकार बुवा मधोमध. टाळ सुरू झाले की मंडपात दुसरं काही ऐकू येत नाही असं आधी वाटतं.

टाळ ऐका. तो धातूचा आहे, उघडा आहे, त्याला कुठलाच थर नाही. त्याचा किणकिणाट कितीतरी वेळ चालतो, आणि पुढचा टोला त्यावर येऊन पडतो.

या सगळ्या झळाळीच्या खाली उतरा.

खाली धूम आहे.

धूं. धूं.

ती आवाजाने टाळांवर चढत नाही. खालून येते. कानाआधी छातीला कळते. तिथे लक्ष ठेवा. बाकीचं चालू द्या.

एक तास होतो. मंडपात माणसांची ऊब साठली आहे. कणीक वाळू लागली आहे. आधी कड वाळते. मग वरचा पापुद्रा. तिच्यातलं पाणी जातं तसे ते लांब धागे जखडत जातात. आता ते सरकत नाहीत, घासत नाहीत. आवाजात कडकपणा येतो.

महाराजांना तो आपल्याआधी कळतो. चरण संपून बुवा अर्थ सांगायला थांबतात, तेवढ्यात ते वाटीतल्या पाण्यात दोन बोटं बुडवतात आणि कणकेवरून फिरवतात.

दोन बोटांचं पाणी.

थाप.

आवाज पुन्हा बसला.

फार कडक झालं की थरथर त्याच्यावरून निघून जाते. फार सैल झालं की ते ओघळतं, धरून ठेवत नाही. मधली एक अवस्था असते. ती राखावी लागते. बोटं पुन्हा पुन्हा वाटीकडे जातात.

त्या बोटांबरोबर श्वास घ्या. बोटं पाण्यात. श्वास आत. बोटं कणकेवर. श्वास बाहेर.

*

मंडपाबाहेर पंगतीची ताटं रचून ठेवली आहेत. स्टीलची. एक ताट निसटतं, फरशीवर पडतं, आणि गोल गोल फिरत किती वेळ खणखणत राहतं.

त्या खणखणाटाकडे त्रासून पाहू नका. ऐका. तो कोऱ्या पत्र्याचा आवाज आहे. कोऱ्या पुडीच्याच जातीचा.

मग कुणी त्यावर तळवा ठेवतं. तो निवतो.

घरी गेल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंकखाली हात घाला. पुष्कळ सिंकना खालून एक थर दिलेला असतो, खरखरीत किंवा रबरासारखा मऊ. नळाचं पाणी आणि भांडी पत्र्यावर आदळतात, आणि पत्रा फार बोलत नाही, तो या थरामुळे. बोटांनी तो थर एकदा नीट चाचपून पाहा. मोटारीच्या तळाच्या पत्र्यावरही गालिच्याखाली डांबरी चादर चिकटवलेली असते. रबर, डांबर, कणीक. तिन्हींच्या आत मोठे रेणू गर्दीने बसलेले आहेत, आणि हलवलं की एकमेकांना घासत सरकतात.

१९५२ मध्ये जर्मनीत हेर्मान ओबेर्स्ट यांनी पातळ पत्र्यावर घट्ट चिकटवलेला थर थरथर कशी मुरवतो, याचं गणित मांडलं. १९५९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड कर्विन यांनी आणखी एक पायरी मांडली. मऊ थराच्या वर पुन्हा एक कडक पत्रा ठेवायचा. मधला थर दोघांमध्ये सापडतो. पत्रा वाकला की तो नुसता ताणला जात नाही, आडवा सरकवला जातो. त्याची वरची बाजू एकीकडे, खालची दुसरीकडे. त्या सरकण्यात तो कितीतरी जास्त घेतो.

दोन तळहात एकमेकांवर ठेवा. मधे कणकेचा गोळा आहे असं समजा.

वरचा हात पुढे. खालचा मागे.

सावकाश.

मधे जे आहे, त्याच्याकडे लक्ष असू द्या.

*

आता एक जड गोष्ट आहे. हात मांडीवर ठेवा. श्वास खोल घ्या.

मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला किल्लारी आहे.

१९९३. ३० सप्टेंबर. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपली होती.

जमीन हलली.

घरं दगडाची होती. भिंती जाड, दगडांमध्ये मातीचा गिलावा. वर लाकडाचं माळवद, त्यावर मातीचे थर. या थरांनी वर्षानुवर्षं ऊन अडवलं होतं. पावसाचा आवाज आत येऊ दिला नव्हता. तीच माती आणि तेच दगड झोपलेल्यांवर आले. सुमारे आठ हजार माणसं गेली.

इथे काही बोलू नका.

श्वास आत.

श्वास बाहेर.

भोकरदनकडेही अशीच माळवदाची घरं होती. मराठवाड्यातलं कुणीही किल्लारीचं नाव परक्या गावाचं म्हणून घेत नाही.

पुढे किल्लारी नव्या जागी वसली. त्या नव्या गावात दोन इमारती वेगळ्या रीतीने बांधल्या गेल्या. एक शाळा. एक दुकानांची इमारत. दोन्ही एकमजली, विटांच्या भिंतींच्या, वर काँक्रीटचं छत. त्या थेट पायावर उभ्या केल्या नाहीत. मधे रबराचे आधार ठेवले. या तऱ्हेचं बांधकाम भारतात पहिल्यांदा करून दाखवलं गेलं ते इथे.

भिंत पाहा. तिच्याखाली रबर पाहा. रबराखाली जमीन पाहा.

जमीन झटक्याने सरकते. रबर तिच्याबरोबर जातं, वाकतं. वरची भिंत तो झटका तसाच्या तसा घेत नाही. तिला तो उशिरा पोचतो, संथ होऊन पोचतो. काही वाटेतच मुरतो.

पुडीवर थर लावून मुरवणं वेगळं, आणि भिंतीखाली मऊ थर देऊन तिला जमिनीच्या धक्क्यापासून सोडवणं वेगळं. दोन्हींची गणितं वेगळी आहेत. तरी माझं मन पुन्हा पुन्हा त्या खळग्याकडे जातं. मऊ वस्तूचा तो उशीर.

त्या शाळेच्या वर्गात मुलं बसली आहेत असं डोळ्यांपुढे आणा. फळ्यावर काही लिहिलेलं आहे. कुणी बाक ओढतं आहे. त्यांच्या पायांखाली, फरशीखाली, अंधारात रबर आहे.

मुलांकडे पाहा. हवं तितका वेळ पाहा.

*

मंडपात परत या. हळू या.

कीर्तन संपत आलं आहे. आरती होते. माणसं पाया पडतात, उठतात, चपला शोधतात. कुणीतरी सतरंजीचं टोक ओढायला लागलं आहे.

महाराज अजून बसले आहेत. पखवाज मांडीवर घेतला आहे.

ते कणीक काढत आहेत.

आधी नखाने कड उचलतात. वाळलेली कड कपच्यांनी निघते. मधला भाग अजून ओलसर आहे, तो बोटाने गोळा होऊन येतो. कणीक तशीच ठेवली तर रात्रीतून वाळून आक्रसते, चामड्याला ओढते. पिठाच्या वासाने उंदीर येतात ते वेगळंच. म्हणून दर वेळी काढायची. दर वेळी नवी लावायची.

शाई करणारा ती एकदा घोटून देतो आणि वर्षं जातात. कणीक प्रत्येक बैठकीची वेगळी. पिठाप्रमाणे वेगळी, पाण्याप्रमाणे, कार्तिकातल्या गारव्याप्रमाणे, चैत्रातल्या उकाड्याप्रमाणे. कालची चिमूट आज उपयोगाची नसते. आज पुन्हा कान द्यावा लागतो.

ओल्या फडक्याने ते पुडी पुसतात. पुन्हा पुसतात. चामडं पुन्हा फिकट दिसू लागतं.

निघालेली कणीक त्यांच्या तळहातावर आहे. पाहा तिला. आज रात्रीचे सगळे नको असलेले आवाज तिने घेतले, आणि ती पिठाचा एक लहानसा, करडा झालेला गोळा आहे. तिच्यावर काही दिसत नाही. बोटांचे ठसे तेवढे आहेत.

गवसणीची नाडी आवळली जाते.

पहाटे चारला काकडा आहे. महाराज उठता उठता स्वयंपाकाच्या बाजूला वळून हाक देतात.

“माऊली, सकाळपुरतं गव्हाचं पीठ बाजूला काढून ठेवा हं. मागच्या खेपेला सगळ्याच्या पोळ्या झाल्या होत्या.”